शेतकऱ्याच्या छातीत दुसऱ्याचं काळीज! देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे डॉ. प्रफुल्ल कुमार सेन

देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण कुठं झालं, असं कुणाला विचारलं तर कुणी दिल्ली म्हणतं, कुणी चेन्नई. पण ते झालं आपल्या महाराष्ट्रात. मुंबईत परळला महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे, तिथं १६ फेब्रुवारी १९६८ रोजी. आणि ज्याच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं तो कोणी शेठ-सावकार नव्हता. तो होता २७ वर्षांचा एक शेतकरी.

तो वाचला नाही. ऑपरेशननंतर जेमतेम तीन तास जगला. म्हणून असेल कदाचित, पण हे ऑपरेशन करणारे डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. आता पुण्यात महिन्याला कुठं ना कुठं ग्रीन कॉरिडॉर होतो, पोलीस रस्ता मोकळा करतात, अॅम्ब्युलन्स सुसाट जाते आणि आपण मोबाईलवर व्हिडिओ बघतो. त्या रस्त्याची पहिली कुदळ कुणी मारली आणि ती मारताना काय काय सोसावं लागलं, ते माहीत असावं म्हणून ही माहिती.

महापालिकेच्या दवाखान्यातला सर्जन

डॉ. सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ चा, कोलकात्याचा. माणूस बंगाली, पण हयातभराचं काम सगळं मुंबईत. शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून असलेलं केईएम, हेच त्यांचं घर म्हटलं तरी चालेल.

या केईएमची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे कॉलेज आणि रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. तेव्हा राज्य इंग्रजांचं. मोठ्या सरकारी दवाखान्यांत वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांना. पण इथं देणगी देणाऱ्यांनी अटच घातली होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच पाहिजेत. त्यामुळे आपल्या माणसांना मोठं काम करायची जागा मिळाली. इथं येणारे पेशंट बहुतेक गिरणी कामगार, हमाल आणि गावाकडून एसटीनं, रेल्वेनं आलेले गरीब लोक.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात डॉ. सेन अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन शिकून आले. छाती आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया तेव्हा नव्यानं होऊ लागल्या होत्या. तिकडं राहून पैसा करता आला असता. पण ते परळला परत आले.

हृदयाला हात लावायचा नाही, असा तो काळ

आज अँजिओप्लास्टी म्हणजे दोन दिवसांत घरी. पण १९५० च्या आसपास हृदयाला सुरी लावणं हे धाडसच होतं. ज्याची छाती उघडली तो परत उठेल याची खात्री कुणी देत नव्हतं.

तेव्हा गावोगावी एक आजार फार. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग सांधे धरतात, आणि पुढं काही वर्षांनी हृदयाची झडप आखडते. यालाच डॉक्टर लोक रूमॅटिक हृदयरोग म्हणतात. विशीतल्या पोरी दोन हंडे आणताना धापा टाकायच्या, बाळंतपणात दगावायच्या. आखडलेली ही झडप मोकळी करायचं ऑपरेशन आपल्या देशात ज्यांनी अगदी सुरुवातीला केलं त्यांत डॉ. सेन होते. हृदय चालू असतानाच त्यात बोट घालायचं आणि अंदाजानं झडप मोकळी करायची. डोळ्याला काही दिसत नाही, सगळं बोटाच्या स्पर्शावर. गाय अडली की जाणता माणूस हात घालून वासराची मान चाचपतो, तसंच काहीसं. फक्त इथं चूक झाली तर सावरायला वेळ नाही.

पुढं त्यांनी शरीर थंड करून हृदय उघडण्याची पद्धतही वापरली. शरीर गार पडलं की मेंदूला रक्त कमी लागतं, आणि सर्जनला काही मिनिटं जास्त मिळतात. तरुण माणसांत शरीराची मुख्य रक्तवाहिनी मधेच अरुंद होते, त्या आजारावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास परदेशातल्या डॉक्टरांनीही वाचला.

सापाच्या हृदयावरून सुचलेली युक्ती

डॉ. सेन यांची नजर वेगळी होती. साप आणि त्याच्या जातीच्या प्राण्यांचं हृदय आपल्यासारखं नसतं. त्याची भिंत आतून स्पंजासारखी असते आणि आतलं रक्त थेट त्या भिंतीत झिरपतं. मग माणसाच्या हृदयाची नळी बंद झाली तर भिंतीला सुईनं बारीक भोकं पाडून आतलं रक्त तिथं पोचवता येईल का, असा विचार त्यांनी केला. १९६५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे काम जगापुढं मांडलं. पुढं परदेशात हीच कल्पना लेझरनं करून बघितली गेली. तिचा उपयोग किती, यावर मतभेद राहिले. पण सापाच्या हृदयात माणसाचा उपाय शोधणारा डॉक्टर महापालिकेच्या दवाखान्यात बसला होता, हे लक्षात घ्या.

आधी शंभर प्रयोग

काही लोकांना वाटतं की परदेशात झालं म्हणून मुंबईत घाईनं करून टाकलं. तसं नाही. डॉ. सेन, डॉ. गुरुकुमार परुळकर, डॉ. शरद पांडे, डॉ. किनरे ही मंडळी कित्येक वर्षं कुत्र्यांवर हृदय बदलण्याचे प्रयोग करत होती. अशा शंभर प्रयोगांचा अहवाल त्यांनी १९६५ मध्येच छापला होता. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदय बदललं, त्याच्या दोन वर्षं आधी. त्याच १९६५ साली केईएममध्ये मृत माणसाची किडनी बसवण्याचाही प्रयत्न झाला होता.

बर्नार्ड यांचं ऑपरेशन झालं ३ डिसेंबर १९६७ ला, केपटाऊनमध्ये. सगळं जग हादरलं. तो पेशंट १८ दिवस जगला आणि न्यूमोनियानं गेला. तीन दिवसांनी अमेरिकेत डॉ. कॅन्ट्रोविट्झ यांनी एका तान्ह्या बाळाचं हृदय बदललं, ते काही तासांतच गेलं. जानेवारीत डॉ. शमवे यांनी केलं, तो पेशंट १५ दिवस जगला. त्याआधी चारच दिवस बर्नार्ड यांनी दुसरं केलं होतं, तो माणूस मात्र १९ महिने जगला.

यानंतर नंबर लागला परळचा. जगातलं हे सहावं हृदय प्रत्यारोपण आणि ते करणारे डॉ. सेन चौथे सर्जन.

त्या दिवशी काय झालं

एक २० वर्षांची तरुणी रेल्वेतून पडली होती. डोक्याला जबर मार. ती वाचण्यासारखी नव्हती. दुसरीकडं वॉर्डात हा शेतकरी. त्याच्या हृदयाचा स्नायूच निकामी झाला होता, ज्याला कार्डिओमायोपथी म्हणतात. औषधानं उतार नाही, उठून बसलं तरी दम लागतो, अशी अवस्था.

आज आपण सहज ब्रेन डेड हा शब्द वापरतो. तेव्हा आपल्या देशात मेंदूमृत्यूचा कायदाच नव्हता. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या समितीनं त्याची व्याख्या केली तीसुद्धा नंतर, ऑगस्ट १९६८ मध्ये. म्हणजे माणूस नक्की कधी गेला म्हणायचा आणि त्याचं हृदय कधी काढायचं, याला कागदावर आधार नव्हता. सगळी जबाबदारी डॉक्टरांच्या शिरावर.

ऑपरेशन झालं. नवं हृदय बसलं आणि चालूही झालं. शिवणकाम चुकलं नव्हतं. पण तीन तासांत सगळं संपलं.

मोटार नवी, पण हेड जास्त

तो का गेला, हे शेतकऱ्याला लगेच कळेल.

हृदयाला दोन बाजू असतात. डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पाठवते, उजवी फक्त फुप्फुसाला. फुप्फुसातला दाब कमी असतो, म्हणून उजवी बाजू हलकी असते. पण ज्याचं हृदय बरेच दिवस कमजोर आहे त्याच्या फुप्फुसात रक्त साचून तिथल्या नळ्या आवळल्या जातात, दाब वाढतो. त्याचं स्वतःचं जुनं हृदय त्या दाबाला हळूहळू सरावलेलं असतं. नवं हृदय मात्र धडधाकट माणसाच्या शरीरातलं. त्याला एवढा दाब माहीतच नाही.

आपण तीन एचपीची मोटार कमी हेडवरून काढून एकदम उंच टाकीच्या, अर्ध्या चोंदलेल्या पाइपलाइनला जोडली तर काय होईल? मोटार नवी असली तरी धापा टाकून बंद पडणार. तसंच झालं. फुप्फुसातल्या वाढलेल्या दाबापुढं नव्या हृदयाची उजवी बाजू थकली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. सेन यांनी दुसऱ्या पेशंटवर हृदय प्रत्यारोपण केलं. तोही काही तासच जगला. त्यानंतर त्यांनी पुन्हा ते केलं नाही.

हे करायला नको होतं का? तेव्हाही लोकांनी विचारलं, आजही कुणी विचारेल. दोन माणसं गेली, हे खरं. पण ती माणसं तशीही मरणाच्या दारात होती आणि दुसरा इलाज नव्हता, हेही खरं. आज हृदय बदलण्याआधी उजव्या बाजूनं बारीक नळी घालून फुप्फुसातला दाब मोजल्याशिवाय पेशंट यादीवरच घेत नाहीत. दाब औषधानंही उतरत नसेल तर नुसतं हृदय बसवत नाहीत. त्या २७ वर्षांच्या शेतकऱ्यासारखे पेशंट गेल्यावर डॉक्टर हे शिकले. त्याचं हे देणं मोठं आहे.

सगळं जगच थांबलं

१९६८ मध्ये जगभरात शंभराच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं झाली. बहुतेक पेशंट दिवसांत नाही तर महिन्यांत गेले. दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी हात टेकले.

यात खरा अडथळा ऑपरेशनचा नव्हता. शरीर दुसऱ्याचा अवयव ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं, ही अडचण होती. याला रिजेक्शन म्हणतात.

इथं आपल्या पुण्याची एक जुनी गोष्ट आठवते. टिपू सुलतानाच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेचा एक गाडीवान कैद झाला आणि त्याचं नाक कापलं गेलं. इंग्रजी कागदात त्याचं नाव कावसजी असं आहे. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा-कौलं करणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आलं. त्यावरून तिकडचे सर्जन हे शिकले. ते नाक टिकलं, कारण कातडी त्याचीच होती. कपाळावरची नाकावर आणली, तर शरीर तिला आपलीच समजतं. दुसऱ्याचं काही बसवलं की भांडण सुरू.

आपण द्राक्षाची काडी डॉगरिजच्या खुंटावर बांधतो. खुंट वेगळा, काडी वेगळी, तरी झाड जगतं. झाडाचं जमतं, माणसाचं जमत नाही. माणसाच्या रक्तात राखणदार पेशी आहेत.

मातीतल्या बुरशीनं वाट दाखवली

या राखणदारांना आवरणारं चांगलं औषध सापडलं ते मातीत. नॉर्वेतल्या एका माळरानाची माती तपासताना स्वित्झर्लंडच्या औषध कंपनीला एक बुरशी मिळाली. तिच्यातून सायक्लोस्पोरीन हे औषध निघालं. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि थांबलेली प्रत्यारोपणं जगभर परत सुरू झाली.

डॉ. सेन यांना ते दिवस बघायला मिळाले नाहीत. १९६९ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं होतं. २२ जुलै १९८२ रोजी ते गेले. जी गोष्ट नव्हती म्हणून सगळ्या जगाचं काम अडलं होतं, ती त्यांच्यामागं पुढच्याच वर्षी दवाखान्यात आली.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. हा कायदा सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय प्रत्यारोपण यशस्वी करून दाखवलं. डॉ. सेन यांच्या प्रयत्नानंतर तब्बल २६ वर्षांनी.

आज धोका कशाचा असतो

आज जगभरातला हिशोब बघितला तर हृदय बदललेल्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त दहा वर्षांच्या पुढं जगतात. किडनीचं तर आणखी चांगलं. घरच्या जिवंत माणसानं दिलेली किडनी साधारणपणे मृत दात्याच्या किडनीपेक्षा जास्त वर्षं टिकते. पण धोका संपलेला नाही. तो कुठं असतो, ते थोडक्यात:

• वेळ. काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत चालू व्हायला लागतं. लिव्हरला थोडा जास्त वेळ मिळतो, किडनीला एक दिवसापर्यंत. ग्रीन कॉरिडॉर असतो तो यासाठी.

• पेशंटची आधीची तब्येत. शुगर, बीपी, वय, फुप्फुसातला दाब, जुना टीबी हे सगळं बघितलं जातं. शुगर आणि बीपीकडं दुर्लक्ष हेच किडनी जाण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

• जंतुसंसर्ग. रिजेक्शन रोखणारी औषधं राखणदारांना झोपवतात, मग साधा ताप पण भारी पडतो. शेतकऱ्यानं शेणखत उकरणं, भुश्शाची धूळ, कच्चं दूध यापासून जपावं लागतं. कधी शेतात जायचं, ते डॉक्टरला विचारूनच.

• गोळ्या बंद करणं. गावाकडं हे फार होतं. बरं वाटलं की गोळी बंद, किंवा पैसे नाहीत म्हणून दिवसाआड. अवयव नवा असो नाहीतर दहा वर्षांचा, गोळी सुटली की शरीर त्याच्यावर उठतं. कुणाच्या सांगण्यावरून जडीबुटी घेणंही तितकंच धोक्याचं, कारण त्यानं गोळीचा असर कमी-जास्त होतो.

खर्चाचं बोलायचं तर किडनी प्रत्यारोपण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. पण आयुष्यभराच्या गोळ्यांचा हिशोब घरात बसून आधीच करावा.

आपला यात काय संबंध?

संबंध आहे, आणि जवळचा आहे. नाशिक रोड, नगर रोड, सोलापूर हायवे, आपल्या तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यांवर रोज अपघात होतात. डोक्याला मार लागलेला तरणा पोरगा पुण्याला नेतात. चार दिवसांनी डॉक्टर सांगतात की मेंदू मेला आहे, मशीनवर फक्त हृदय चालू आहे. मग अवयवदानाचं विचारतात, आणि घरचे चिडतात. छाती हलताना दिसते, अंग गरम लागतं, आणि हे म्हणतात पोरगा गेला! हा संशय येणं माणसासारखंच आहे.

म्हणून हे माहीत पाहिजे. मेंदूमृत्यू एक डॉक्टर ठरवत नाही. चार डॉक्टरांची समिती लागते, आणि किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करावी लागते. अवयव बसवणारे डॉक्टर त्या समितीत नसतात. कोमातला माणूस उठू शकतो, मेंदू मेलेला उठत नाही. अवयव कुणाला द्यायचा ते घरचे किंवा दवाखाना मनानं ठरवत नाही. पुण्यात त्यासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, तिथली यादी असते. अवयव काढल्यावर देह नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात, अंत्यविधी आपल्या रीतीनं करता येतो. आणि अवयव विकणं-घेणं हा मोठा गुन्हा आहे, त्याला पाच ते दहा वर्षं कैद आहे.

आधार कार्डावरून मोबाईलवरच अवयवदानाचा संकल्प नोंदवता येतो. पण नुसता संकल्प पुरत नाही. शेवटी होय म्हणायचं घरच्यांनी. म्हणून जेवायला बसल्यावर एकदा घरात हा विषय काढा. दवाखान्याच्या व्हरांड्यात, डोळ्यांत पाणी असताना, असले निर्णय होत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट. महाराष्ट्र आणि आसपासच्या राज्यांचं अवयवदानाचं प्रादेशिक कार्यालय आज कुठं आहे माहीत आहे का? परळला, त्याच केईएममध्ये. आणि २०२४ मध्ये केईएममध्ये परत हृदय प्रत्यारोपण झालं. मधे गेली होती ५६ वर्षं.